पोवळ्याचा भराव

इनादिलीच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी रोमेलियाच्या चुलीत समुद्र शिरला.

तसा पाण्याचा आणि त्या घराचा संबंध जुनाच. उत्तरेचं वारं सुटलं की नालुतुपु बेटावरच्या सगळ्याच घरांत पाणी डोकावून जायचं. अंगणात रेंगाळायचं, कोंबड्यांना झाडावर चढवायचं आणि आल्या पावली निघून जायचं. पोरं त्यात करवंट्या सोडायची, बायका झाडू घेऊन शिव्या घालायच्या. पण चुलीपर्यंत यायची त्याची कधी छाती झाली नव्हती. टोकाला टोक लावून मांडलेल्या ओंडक्यांची ती चूल रोमेलियाच्या आईने पेटवलेली, आणि राखेखाली निखारा नाही असा दिवस त्या घराने पाहिला नव्हता. आज ओतिलिओ झुल्यातून पाय खाली सोडायला गेला तो थेट घोट्याएवढ्या पाण्यात. समोरून एक काळा ओंडका सावकाश तरंगत दाराकडे निघाला होता.

"अरे, धर त्याला!" रोमेलिया, त्याची सासू, ओरडली. "बघत काय बसलास? पाहुणा चाललाय का तो, निरोप द्यायला?"

ओतिलिओने ओंडका धरला. हातात धरून तसाच उभा राहिला, कारण ठेवायचा कुठे हे काही समजेना.

कोपऱ्यातल्या पानांच्या आडोशातून खुदखुदण्याचा आवाज आला. आत इनादिली होती, त्याची लेक. मुलीची बाई झाली की तिला असं आडोशात बसवतात, बायका येऊन तिच्यावर पाणी ओततात, काळ्या फळाच्या रसाने अंग रंगवतात, आणि मग सगळ्या बेटाला जेवण आणि उसाचं पेय. "बाबा," ती आतून म्हणाली, "आज आज्यांना सांगा, पाणी आणायची तसदी नको. घरपोच आलंय!"

"हस, हस," देल्फिया म्हणाली. ही ओतिलिओची बायको. तिने कंबरेला फडकं खोचलं होतं आणि तांदळाचं पोतं छताच्या वाशाला टांगायच्या खटपटीत होती. "तुझ्या आईच्या कमरेचा काटा ढिला झालाय, आणि तू हस."

तेवढ्यात मागच्या दाराने अतेन्सिओ आत आला. सासरा. सत्तरी कधीच ओलांडलेला, गुडघ्यांनी दगा दिलेला, पण पाठ अजून ताठ. बेटावरचा मोठा वैद्य. त्याने विझलेल्या चुलीकडे पाहिलं, बायकोच्या भिजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की ओतिलिओने नजर वळवली.

"होडी काढा," अतेन्सिओ म्हणाला. "दोन्ही जावई. आज भराव घालायचा. उद्या माझ्या नातीच्या उत्सवाला पाहुणे येतील ते कोरड्या जमिनीवर उभे राहतील."

 देल्फियाच्या हातातली दोरी थांबली.

भराव ही नालुतुपुची जुनी मिजास. इथे मुलगा लग्न करून बायकोच्या घरी राहायला येतो. जावई म्हणजे घरजावईच, दुसरी जातच नाही. आणि घरात आलेल्या प्रत्येक जावयाने आपली लायकी दाखवायची ती पोवळ्याच्या दगडाने. बेटाच्या उत्तरेला पोवळ्यांची लांबच लांब रांग आहे, तिथे होडी न्यायची, पहारीने दगड फोडायचा, होडी बुडेल-बुडेलशी भरायची आणि आणून सासऱ्याच्या घराच्या कडेला समुद्रात ओतायची. तेवढं घर वाढतं. त्या तुकड्याला जावयाचं नाव लागतं. रोमेलियाचा स्वयंपाक चालायचा तो तिच्या बापाच्या भरावावर, झुले टांगले होते ते अतेन्सिओच्या भरावावर, आणि मागचं संडासाकडचं अंगण ओतिलिओचं. बायका पाणवठ्यावर याच गोष्टी मिरवायच्या. 'आमच्याकडच्याने आंब्याचं झाड लावण्याइतकी जागा केली हो,' असं. अर्धं बेट असं जावयांनी समुद्राकडून ओढून आणलेलं.

आणि आता गेल्या पावसाळ्यात गावच्या साइलाने, म्हणजे मुखियाने, सभाघरात झुल्यात बसून सांगितलं होतं की बास. रांग फोडून फोडून आपण लाटेला दार उघडून दिलंय. बेट सोडून समोरच्या किनाऱ्यावर डोंगराच्या पायथ्याशी नव्या गावात जायचं ठरलंय, घरं बांधून झालीत, किल्ल्या वाटल्यात. यापुढे जो कुणी रांगेवर पहार टाकेल त्याला नव्या गावात घर नाही. सभेने एकमुखाने होकार भरला होता. अतेन्सिओ तेवढा गप्प बसला होता. रोमेलियाच्या घराची किल्ली खांबाला खिळ्यावर लटकत होती. तिला कुणी हात लावला नव्हता, कारण म्हाताऱ्याने एकदाच सांगून ठेवलं होतं, "आपण जाणार नाही."

म्हणजे आज एक होडी दगड आणला, की तिकडचं घर गेलं. साधा हिशेब. सगळ्यांना कळत होता, आणि तोंडातून काढायची कुणाची तयारी नव्हती.

न्याहारीला चूल नव्हती, म्हणून शेजारणीने केळ्याचं गरम पेय पाठवलं. सगळे बाकावर पाय वर घेऊन ओळीने बसले. धाकटी मुलगी निरेल्दा आणि तिचा नवरा फाउस्तो उत्सवासाठी पनामा शहरातून आले होते. फाउस्तो तिथे टॅक्सी चालवायचा. घरजावई असूनही शहरात बिऱ्हाड केलेला, त्यामुळे त्याच्या नावाचा भराव या घराला नव्हता, आणि ते त्याला कायम टोचत आलेलं.

"मी तयार आहे, बाबा," तो छाती पुढे काढून म्हणाला. "इतके दिवस नाही जमलं. आज फाउस्तोचा भराव घालू."

"वा रे वा," देल्फिया म्हणाली. "घालशील आणि परवा बस धरशील. झाडू मारायला कोण? मी!"

"ताई, तू ना प्रत्येक गोष्टीत..." निरेल्दा म्हणाली. "हे आईचं घर आहे. आमची पोरं सुट्टीला कुठे येणार? त्या डोंगराखालच्या सिमेंटच्या खोक्यात? समुद्राचा वास तरी येतो का तिथे?"

"वास हवाय होय तुला? ये, हे पोतं हुंग. सगळा समुद्र भरलाय त्यात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तुला दुरून बेट साजरं."

"मला काय एवढीशीही माया नाही असं म्हणायचंय का तुला?"

"माया आहे गं. पाय कोरडे आहेत एवढंच."

निरेल्दाचे डोळे भरले. देल्फियाला लगेच वाईट वाटलं, तिने आपल्या पेल्यातलं अर्धं पेय बहिणीच्या पेल्यात ओतलं, आणि दोघी पुन्हा एकमेकींकडे न बघता बसल्या.

फाउस्तोने विषय आपल्या हातात घेतला. "मी सांगतो काय ते. समुद्र वाढतोय तो आपल्या चार दगडांनी नाही. जगभरचे कारखाने, विमानं, गाड्या. तिकडे बर्फाचे डोंगरच्या डोंगर वितळतायत आणि पाणी इकडे येतंय. ज्यांनी केलं ते खुशाल आहेत, आणि आपल्याला म्हणे दगड उचलू नका! चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही."

"बर्फ मी तुझ्याकडच्या फ्रीजमध्येच पाहिलाय," अतेन्सिओ म्हणाला, "पण पोरगा बोलतोय ते पटतंय."

"आणि टॅक्सी काय केळ्याच्या रसावर चालते का?" आडोशातून इनादिलीने विचारलं.

सगळे हसले. फाउस्तोही हसला. "माझी एकट्याची टॅक्सी गं बाई ती!"

"आणि आपली एकट्याचीच होडी," ओतिलिओ म्हणाला.

तो इतक्या हळू बोलला होता की आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेकाने मान वळवली. ओतिलिओ या घरात वादात पडत नसे. सासऱ्याच्या विरुद्ध तर नाहीच नाही.

"काय म्हणालास?" अतेन्सिओने विचारलं.

"फाउस्तो म्हणतो तेही खरं आहे बाबा. बाहेरच्यांनी पाणी वाढवलं. पण अंगणाची भिंत आपण पाडली. दोन्ही झालं म्हणून पाणी चुलीत आलं."

"होडी काढ," सासरा म्हणाला. "मीही येतो."

रोमेलिया हा सगळा वेळ बाकाच्या टोकाला बसून पायातल्या मण्यांच्या माळा पिळत होती. तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. घर तिचं होतं, तिच्या आईकडून तिला आलेलं. ती एक शब्द बोलली असती तर वाद मिटला असता. ओतिलिओने दोनदा तिच्याकडे आशेने पाहिलं. तिने दोन्ही वेळा माळेकडे पाहिलं.

होडीतलं पाणी उपसताना देल्फिया त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "बोलशील ना?" ती म्हणाली. "मी मुलगी आहे, माझं म्हणणं लाडात हसण्यावारी नेतात. तू बोललास तर ऐकतील."

"आणि झुला गुंडाळ म्हणाले तर?"

 सासऱ्याने जावयाला 'झुला गुंडाळ' म्हटलं की संपलं, त्या जावयाने कपडे काखेत मारून आईच्या घरी परत जायचं. ओतिलिओला परत जायला घर नव्हतं. तो दूरच्या बेटावरून नारळाच्या बोटीवर चढून आला होता, आईबाप नसलेला, अंगावर एक सदरा, आणि उतरला तोच तापाने फणफणलेला. लोक म्हणाले, कुठला कोण, बोटीवर परत चढवा. अतेन्सिओने त्याला उचलून घरी आणलं. कुठल्या कुठल्या साली उकळून पाजल्या, उशाशी बसून मंत्र म्हटले, ओला कपडा बदलला. बरा झाल्यावर देल्फियाची आणि त्याची नजरानजर झाली तेव्हा सभेत पुन्हा कुजबुज झाली. अतेन्सिओ उठून उभा राहिला आणि म्हणाला होता, "हा माझा आहे." एवढंच. ओतिलिओला आजही कधी एकटा असला की ते तीन शब्द ऐकू यायचे, आणि प्रत्येक वेळी तो मनातल्या मनात त्या माणसाचे पाय धरायचा. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

वारा पडला होता. रांगेवर पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं. अतेन्सिओ होडीच्या मध्ये बसला होता, मांडीवर पहार घेऊन. कितीतरी वर्षांत तो इकडे आला नव्हता. त्याची वाट डोंगराकडची, झाडापाल्याची. त्याने वाकून पाण्यात पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

"कुठंय?" त्याने विचारलं.

"हीच रांग, बाबा."

"ही? इथे तर पिवळं-जांभळं रान असायचं. माशांनी पाणी हलायचं."

खाली पांढरट फुटके तुकडे होते, त्यांच्यावर शेवाळाची साय. ओतिलिओ रोज इथे मासेमारीला बुडी मारायचा, त्याला ते सवयीचं झालं होतं. त्याने होडी थोडी पुढे नेली. तिथे खोलगटात, लाटेच्या माराआड, जिवंत पोवळ्याचा एक उंचवटा अजून होता. छोटे मासे त्यात आतबाहेर करत होते.

"हा बरा दिसतोय," फाउस्तो म्हणाला. "मोठा आहे. एकाच ठिकाणी होडी भरेल." त्याने पहार उचलली आणि पाण्यात उडी मारायच्या बेतात उभा राहिला.

ओतिलिओने पहार धरली.

"सोड की, साडूभाऊ."

"नाही."

"बाबांनी सांगितलंय."

"बाबांनी सांगितलंय म्हणूनच इथवर आलो," ओतिलिओ म्हणाला.  तो सासऱ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही मला जीव दिलाय. अंगणातली सगळी वाळू उपसायला सांगा, डोंगरावरून माती वाहायला सांगा, मरेस्तोवर वाहीन. पण हे नाही फोडणार. फोडू देणारही नाही."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. "झुला गुंडाळ मग," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला.

फाउस्तोच्या हातातून पहार गळून होडीत पडली. त्याला गंमत म्हणून भराव घालायचा होता, असलं काही व्हावं अशी त्या बिचाऱ्याची मुळीच इच्छा नव्हती. "बाबा, अहो बाबा," तो म्हणाला, "असं काय..."

"आण इकडे. माझा भराव मी कुणाच्या हातून घालून घेतला नव्हता."

आणि त्या म्हाताऱ्याने पहार घेतली, होडीच्या कडेवरून दुखरे पाय पाण्यात सोडले आणि उतरला. ओतिलिओ घाईने त्याच्या मागे उतरला, कारण पाण्याला ओढ होती. रागावलेला असला तरी सासरा बुडून चालणार नव्हता. छातीएवढ्या पाण्यात अतेन्सिओने पहार उजव्या हातात घेतली, आणि डावा हात पोवळ्यावर ठेवला.

तो हात ठेवला आणि पुढचं आपोआप झालं. वैद्यकी तो उतारवयात शिकला होता, भरावाचे दिवस सरल्यावर. तेव्हापासून झाडाशी बोलल्याशिवाय त्याने कधी साल काढली नव्हती, पान खुडलं नव्हतं. आधी हात ठेवायचा. मी कोण ते सांगायचं, कुणासाठी आलो ते सांगायचं, आजार काय तो खरा खरा सांगायचा. खोटं सांगून नेलेलं औषध उलटतं, असं तो शिष्यांना बजावायचा. तरुणपणी पोवळ्याला त्याने कधी विचारलं नव्हतं, कुणीच विचारत नसे. दगडाला काय विचारायचं? पण आता हाताला सवय झाली होती आणि तोंडालाही.

"ऐक बाई," तो पुटपुटला. "मी अतेन्सिओ. रोमेलियाचा नवरा. तुझ्याकडे आलोय. माझ्या घराला बरं नाही. त्रास असा, की पाणी आत येतं. चूल विझली. पाणी येतं, कारण..."

बाहेरून एक लाट आली. मोठी नव्हती. जिवंत उंचवट्याशी येऊन ती फुटली, तिचा फेस झाला. तिचाच दुसरा भाग बाजूच्या फुटक्या रांगेवरून तसाच्या तसा आत गेला, थेट बेटाकडे. तिघंही तिच्याकडे पाहत होते.

"पाणी येतं, कारण..." अतेन्सिओ पुन्हा म्हणाला. आणि थांबला.

तो बराच वेळ तसाच उभा होता, हात पोवळ्यावर. होडीतून फाउस्तोने हाक मारली, "काय झालं, बाबा? लागलं का कुठे?"

"आजार सांगता येईना," म्हातारा म्हणाला.

त्याने पहार होडीत टाकली. मग ओतिलिओकडे न बघता हात पुढे केला, आणि ओतिलिओने त्याला उचलून वर घेतलं.  परतताना ओतिलिओ वल्हवत होता आणि मनात म्हणत होता, गेलो तर गेलो, पण लेकीचा उत्सव होऊ दे, मग जाईन.

धक्क्यावर बायका उभ्या होत्या. होडी रिकामी पाहून देल्फियाने तोंडावर हात दाबला. रोमेलिया लुगडं वर खोचून पाण्यात उतरली आणि होडीच्या नाकाशी आली.

"दगड कुठंय?"

"आहे तिथं आहे," अतेन्सिओ म्हणाला. "तुझ्या आईला मी शब्द दिला होता, गं. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, माझ्या पोरीचे पाय भिजू देऊ नकोस. नाही जमलं. माझ्याकडे औषध नाही."

 त्यावर रोमेलियाच्या तोंडातून जे निघालं ते ऐकून धक्क्यावरची कुत्रीसुद्धा उठून बसली असतील.

"अरे बाप्या! माझी आई जाऊन जमाना झाला! आणि माझे पाय? तू झोपलेला असतोस तेव्हा घरात पाणी कोण उपसतं? मला वाटलं, तुला हे घर सोडवत नाही. तुझा सगळा घाम यात गेलाय. ती किल्ली दिसली की तुझं तोंड एवढंसं व्हायचं, म्हणून मी जीभ चावून बसले. आणि तू माझ्यासाठी बसलास होय? दोघं एकमेकांसाठी ओल्यात!"

"मग बोलायचं नाही का?"

"तू विचारायचं नाही का? झाडाझाडाला विचारत हिंडतोस!"

फाउस्तो आधी हसला. मग निरेल्दा, डोळे पुसत. मग अतेन्सिओ. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि रोमेलिया त्याच्या पाठीवर थापट्या मारत रडायला लागली. मोठ्याने, पोरीसारखी, कुणाची भीड न धरता. "बरं झालं रे देवा," ती म्हणत होती, "बरं झालं."

ओतिलिओ मात्र होडी बांधत बाजूला उभा राहिला. त्याला सासऱ्याने काही सांगितलं नव्हतं. बोललेला शब्द परत घेतला नव्हता.

उत्सव ठरल्याप्रमाणे झाला. उसाचं पेय मडक्यांत तयार होतं, आणि तयार झालेलं पेय कुणाच्या घरातल्या पाण्यासाठी थांबत नाही. पाहुणे घोट्याएवढ्या पाण्यात नाचले. बेटावरचा शेवटचा उत्सव हा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कुणी घरी राहिलं नाही. बायकांनी इनादिलीचे केस कापले, डोक्याला लाल रुमाल बांधला. ती काळ्या रसाने माखलेल्या अंगाने बाहेर आली आणि बापाकडे पाहून हसली तेव्हा ओतिलिओला वाटलं, आपल्याला या जन्मात जे मिळालं ते मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. झुला त्याने गुंडाळला नव्हता. पण रोज त्याच्याकडे बघून वाटायचं, आता सांगतील.

निघायचा दिवस उजाडला. अख्खं बेट सामान होड्यांत भरत होतं. मडकी, कोंबड्या, शिवणयंत्रं, छपराचे वासे. निरेल्दा शहरात परत न जाता मुद्दाम राहिली होती. भांडी पानांत गुंडाळताना ती देल्फियाला म्हणत होती, "खिडकी समुद्राच्या बाजूची मला हं, सुट्टीला आले की." आणि देल्फिया म्हणत होती, "घे बाई, दोन्ही घे." त्या गडबडीत अतेन्सिओ ओतिलिओच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होडी काढ. आपण दोघंच."

पुन्हा तीच रांग, तोच खोलगट. अतेन्सिओ या वेळी पाण्यात उतरला नाही. होडीच्या कडेशी ओणवा झाला, आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

"माझ्या गुरूची एक रीत होती," तो म्हणाला. "औषध नेताना सगळेच झाडाशी बोलतात. गरज असते ना. पण रोगी बरा झाला की परत जाऊन झाडाला सांगायचं. ते कुणी करत नाही. लोक विसरतात. आणि झाड आपलं तिथेच, त्याला कळतच नाही की पुढे काय झालं."

मग तो पाण्याशी बोलायला लागला. नेहमीच्या आवाजात, शेजारच्या घरी बोलावं तसा.

"ऐक बाई. मी अतेन्सिओ. मी जवान होतो तेव्हा तुझ्याकडून खूप नेलं. विचारलं नाही, सांगितलंही नाही. आता सांगतो. माझ्या बायकोसाठी नेलं. ती त्यावर झुले टांगून नांदली. दोन मुली झाल्या, त्यावर रांगल्या, त्यावर त्यांची लग्नं झाली. नात झाली, परवा ती मोठी झाली. आता आम्ही जातोय, आता काही नेणार नाही." त्याने श्वास घेतला. "आणि तुझ्याच भरावावर मी एक पोरगा झोपवला होता, तापाने फणफणलेला. कुणाचा नव्हता. तो जगला. तो माझा झाला. परवा त्याने पहार धरली आणि तुला वाचवलं. हा बघ, बसलाय."

ओतिलिओला समोरचं दिसेनासं झालं.

"गुण आला," म्हातारा पाण्याला म्हणाला. "एवढंच सांगायला आलो होतो. गुण आला, बाई."

त्याने हात बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि पुढच्या फळीवर नीट बसला. "चल," तो म्हणाला. "नाहीतर त्या बायका नव्या घरात माझा झुला कुठेतरी कोपऱ्यात टांगतील. तुझ्या झुल्याशेजारी टांगायला सांगितलाय मी."